अख्ख्या घराची खरूज

हसायचं तर हसा, पण माझ्या खाजेचं ऐकाच. बोटांच्या बेचक्यांत अन् मनगटावर अशी खाज सुटली होती की भाकरी थापता थापता हात खाजवावे लागायचे. अंबडच्या मेडिकलमधून मलम आणायचं, दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. शेजारीच राहणारी माझी धाकटी जाऊ गल्लीत सांगत सुटली, "अक्काच्या हातचं खाऊ नका." ते मला लई लागलं.

शेवटी जालन्याला डॉक्टरीणबाईला दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही खरूज आहे. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा, नाहीतर एकमेकांना देत राहाल."

घरी येऊन मालकाला सांगितलं, तर म्हणतात, "रोग तुला, अन् औषध मी कामून लावू?"

"मंग दाराच्या चौकटीला रोज पाठ कोण घासून राह्यलंय? म्हैस?"

सदरा काढून पुढ्यात बसले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात ना, तसं मानेपासून तळपायापर्यंत चोळलं त्यांना. पोरं, सासूबाई, कुणालाच सोडलं न्हाई. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या. आठ दिवसांनी पुन्हा तेच केलं. महिन्याभरात घर बराबर साफ!

मंग एके दुपारी जाऊ मागच्या दारानं आली. मनगट पदराखाली. हळूच म्हणते, "अक्का, त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात वो?"

मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणलं, "मीच नेते तुला. पण मागून कामून आलीस? खरूज झालीय, चोरी न्हाई केलीस. पुढून ये, अन् नवऱ्यालाबी संग आण."