मयत दाखवलेल्या नातवाच्या हाताबाबत

धुळे शहर पोलीस ठाणे, ता. ११ डिसेंबर १९३१

मी झुंबरबाई, नवऱ्याचे नाव गिरधर पाटील, वय पंचावन्नच्या आसपास, धंदा शेती, राहणार नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा पश्चिम खानदेश. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

मी, मुलगा पंडित, सून कुंदाबाई आणि नातू पुना असे एकत्र राहतो. पुना सात महिन्यांचा आहे. डॉक्टर लीलाधर यांनी या ठाण्यात अर्ज दिला आहे की माझ्या सुनेला मेलेले मूल झाले, आणि मी कुणाचे तरी लुळे पोर उचलून आणून त्यांच्याकडे पैसे मागते. म्हणून मला बोलावले. मी नातवाला घेऊन आले आहे. तो आत्ता जमादार भाईदास यांच्या टेबलावर बसून त्यांच्या पट्ट्याचे पितळ चाटतो आहे.

वैशाखात सून दोन दिवस अडली होती. गावच्या सुईणीने सांगितले, मूल मोठे आहे, माझ्या हातचे काम नाही, धुळ्याला न्या. तेवढी अक्कल तिला होती. पहाटे बैलगाडी जुंपली आणि दुपारी दोनला डॉक्टर लीलाधर यांच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर कोट घालून भाषण पाठ करत होते. पाच वाजता वाचनालयात त्यांचे भाषण होते. विषय, अडाणी सुईणींच्या हातून होणारे बालमृत्यू. हे मला कंपाउंडरने सांगितले, मनचे काही घालत नाही.

साडेचार वाजेपर्यंत त्यांनी सुनेकडे पाहिले नाही. मग घड्याळ पाहिले आणि आत आले. मुलाचे डोके आले होते, खांदा अडकला होता. डॉक्टरांनी डावा हात धरून ओढला. मी दारात होते. मी म्हणाले, "भाऊ, हात शे तो, दावं नई!" डॉक्टर म्हणाले, म्हातारीला बाहेर काढा. मला बाहेर काढले.

मूल निळे आणि निपचित होते. डॉक्टरांनी एकदा वाकून पाहिले, घमेल्यात ठेवायला सांगितले, रजिस्टरात 'मृत जन्म' लिहून सही केली, हात धुतले आणि टांग्यात बसले. पाचाला पाच मिनिटे कमी होती. भाषण वेळेवर झाले असावे.

मी घमेल्यातले पोर उचलले. शिदोरीतला कांदा बुक्कीने फोडून त्याच्या नाकाशी धरला, तोंडात फुंकर घातली, तळव्यांना चापट्या मारल्या. किती वेळ ते सांगता येत नाही. सुनेने तोवर दोनदा विचारले, "काय झायं, आत्या?" मी फुंकर घालत राहिले. मग तो रडला. मीही रडले. हे लिहायची गरज नाही असे जमादार म्हणतात. मी म्हणते, लिहा.

मी कंपाउंडरला म्हणाले, "मरेल पोऱ्या असा रडस का?" तो म्हणाला, अक्का, साहेबांची सही झाली आहे, खाडाखोड केली तर माझी नोकरी जाईल. साडेसातला डॉक्टर आले, गळ्यात हार होता. मूल पाहून म्हणाले, नशीबवान आहात. बाळंतपणाचे पैसे मोजून घेतले. रजिस्टर उघडले नाही.

मुलाचा डावा हात तेव्हापासून लोंबतो. हाडवैद्य म्हणाला, हाड शाबूत आहे, खांद्यातली शीर तुटली, हा हात आता उठायचा नाही. आमच्या गावच्या झुलालचा हात कापसाच्या जिनमध्ये पट्ट्यात गेला, तर कायद्याने मालकाला तीनशे रुपये द्यावे लागले. झुलालने त्या हाताने तीस वर्षे बैल हाकले, बिड्या ओढल्या, बायकोलाही मारले. माझ्या नातवाने त्या हाताचा अंगठासुद्धा चोखलेला नाही. म्हणून मी तेवढेच मागितले, वर एक पै नाही. डॉक्टरांचे लेखी उत्तर आले की मृत बालकास भरपाई देण्याचा कायदा नाही. पंडितने ते वाचून दाखवले. मी म्हणाले, पुन्हा वाच, माझे कान गेले असतील. कान चांगले होते.

गावी पोलीस पाटलाकडे जन्म लिहायला गेलो. ते म्हणाले, मेलेल्याचा जन्म कसा लिहू? उलट पुरला कुठे ते सांगा. पोर माझ्या कडेवर होते आणि त्यांच्या पागोट्याला हात घालत होते.

जमादार विचारतात, हे मूल परके नाही कशावरून? लुळे पोर उसने देणारी आई मला दाखवा. माझी सून बाहेर ओसरीवर बसली आहे. पोराला तिच्याकडे द्या आणि काय करते ते बघा.

मला पैसे नकोत असे मी म्हणणार नाही. पैसे हवेत. एका हाताने नांगर धरता येत नाही, त्याला शाळेत घालावे लागेल. पण आधी तो जिता आहे असे एका तरी सरकारी कागदावर येऊ द्या. मेलेल्याला शाळेतही घेत नाहीत.

एवढेच सांगणे. जमादारांनी सगळे मोठ्याने वाचले. मी बोलले तेच उतरले आहे, डॉक्टरांना दिलेल्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत. ही माझी निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

शेरा : मुलाचीही निशाणी घ्या, म्हणजे तो कागदावर आला, असा बाईने हट्ट धरला. मयताची निशाणी घेण्याचा नियम सापडत नाही. समोर असलेल्याची घेण्यास हरकत दिसली नाही. नियमाप्रमाणे डावाच अंगठा घेतला. लहान मुले हात ओढतात, निशाणी फिसकटते. ही स्वच्छ उमटली आहे.

भाईदास, हेड कॉन्स्टेबल