बियाण्याची ज्वारी

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा जून. रिसोडला रेशनच्या रांगेत माझ्यापुढे भागिरथा आणि बिस्मिल्लाबी, एकाच गावच्या दोघी, बोलत होत्या.

"भागिरथा, पाऊस तं आला. पेरत काहून नाई?"

"काय पेरू, आपा? बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली."

"सारी?"

"सारी. लेकरं भुकेनं रडून राह्यली होती."

"बाजारात तं ज्वारी होती."

"होती ना. पन हाताले काम नव्हतं, घेनार कशानं?"

"मालक काई बोलले नाई?"

"जातं तेच वढत होते. खाली पाहून."

रांग थोडी पुढे सरकली.

"आमच्या मडक्यात बियानं हाये. सांजेले ये, वाटून घेऊ."

"मंग तुमी काय पेरसान?"

"अर्धं वावर."