कागदावर नसलेलं नाव

नांदेडच्या कोर्टाबाहेर नोटरीच्या रांगेत माझ्यापुढं मायलेक उभे होते. आखातातल्या डॉल्फिनच्या खेळांच्या पार्कातून, नोकरीवरून परतलेल्या लेकाच्या मानेला पट्टा होता.

“पार्कवाल्यांच्या कागदात काय लिव्हलंय, अश्वजित?”

“डॉल्फिनच्या टाकीत मी माझ्या मनानं उतरलो, असं.”

“उतरला होतास?”

“न्हाई, माय. ते जनावर दोन दिस चिडलेलं होतं. मी सायबाला सांगितलं. तरी म्हणला, उतर, खेळाची वेळ झाली. मंग त्या जनावरानं धडक दिली.”

“आन् तू त्याच्यावर सही करायला निघालास?”

“न्हाई केली तर चूक डॉल्फिनची म्हणतेत. त्याला एकटं कोंडतेत.”

“उतर म्हणणाऱ्याचं नाव कुठं हाय?”

“कागदात न्हाई.”

ती माझ्याकडं वळली.

“दादा, पेन देता का? ह्याला एक नाव लिव्हायचंय.”