वडनेरचे पेढे

"हॅलो?... हॅलो?... कोन, योगिनी? थांब व जरा, चक्की चालू हाये, काई ऐकू येत नाई... हां, बोल आता. नाई, चिडली नाई मी. काऊन चिडू? मी काय क्लबची अध्यक्ष हाये?... नाई म्हनलं ना चिडली."

हे सुचितानं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की दळणाच्या रांगेतल्या बाया आपापल्या डब्यांकडे पाहू लागल्या. डोणगावच्या स्टँडसमोर तिची चक्की. आज सकाळपासून तिथं मिरचीच्या पोत्याला टेकवून पायलची बॅग ठेवलेली होती. संध्याकाळी वडनेर भोलजीची जीप चक्कीसमोर येऊन थांबणार, आणि डोणगावच्या पोरींच्या बास्केटबॉल संघाची पायल त्या जीपमध्ये बसून वडनेरच्या संघात जाणार. बदल्यात वडनेरची उंच फॉरवर्ड, प्रेरणा, इकडे येणार. ही अदलाबदल क्लबचे अध्यक्ष रामराव यांनी ठरवली होती. फोनवर त्यांचीच लेक होती, मेहकरला दिलेली, सुचिताची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनीही डोणगावची एकही मॅच कधी चुकवली नव्हती, आणि एकाही मॅचवर दोघींचं एकमत कधी झालं नव्हतं.

"हो, हो... अवं ऐक ना. ऐकून त घे. उंची, उंची, उंची. कालपासून गावात हेच चालू हाये. निलगिरीचं झाड बी उंच असते योगिनी, त्याले टीममंधी घेता का?... हाव, फायनल हारलो. मी होती ना तथी, घसा बसला होता माझा. रिबाउंड सारे त्याईनं नेले, मान्य हाये. पन बॉल त्या कड्यापावतर नेते कोन? पायल नेते. दोघी-तिघी अंगावर येतात, त्याईच्या मधून काढते. ते पोट्टी गेल्यावर तुही फॉरवर्ड तथी वर हात करून उभी राहीन, आन् बॉल इकडं आपल्याच अंगनात... ताई, थांबा. तुमची ज्वारी आताच टाकू नोका, गहू चालू हाये... तुले नाई व, अथी सांगून राह्यली."

तिनं चक्कीच्या तोंडाखालचा डबा सारखा केला, पिठाचा हात पदराला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. रागात तिला हे एक बरं जमायचं. तोंड भांडत असलं तरी हात आपलं काम सोडत नसत.

"काय म्हनली? पायल छोटी हाये?... हाव, छोटी हाये. तिची माय तानुबाई बी छोटीच हाये, बाजारात भाजीचं टोपलं डोक्यावर घेऊन जाते त टोपलंच दिसते. मंग?... नाई, तू मले हे सांग, पायलले इचारलं कोनी? अं?... 'तिले काय इचारायचं'? वा. हे बरं हाये. मी इचारलं तिले. सकाळी बॅग ठेवाले आली तवा. म्हने, मामी, मले नाई जायचं. पन रामकाकाईनं शब्द देल्ला, आता मी कशी नाई म्हनू?... ऐकलं? आता तूच सांग याले काय म्हनायचं."

पलीकडून योगिनीनं बहुतेक वडिलांच्या शब्दाची किंमत सांगायला घेतली. सुचिता रिकामा डबा आपटून झटकत ऐकत राहिली. तिच्या रागाचं मूळ तिथंच होतं. पायलनं पहिल्यांदा बॉल हातात घेतला तेव्हा तानुबाई पोरीला मैदानावर पाठवायला तयार नव्हती. सुचिता स्वतः तिच्या ओट्यावर जाऊन बसली होती. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर खेळेल, डोणगावातच खेळेल, बाहेरगावी राहायला कधी जाणार नाही, असं तिनं त्या माउलीचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. काल रात्रीपासून तानुबाईनं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आज तर दळणसुद्धा दुसऱ्या चक्कीत गेलं.

"झालं बोलून? आता माझं ऐक. तुह्या बाबाईचा शब्द म्हंजे शब्द, आन् म्या तानुबाईले देल्ला तो काय कोंडा हाये? चाळून फेकून द्यायचा?... नाई, तसं नोको म्हनू. तसं नोको म्हनू, योगिनी... हो, मोठ्यानंच बोलून राह्यली. लाईन गेली ना, चक्की बंद पडली, म्हनून मोठं वाटते."

वीज खरंच गेली होती. पट्टा फिरायचा थांबला आणि सगळी चक्की एकदम गप्प झाली. रांगेतल्या बायांना आता एक शब्दही गाळावा लागणार नव्हता. एकीनं तर डबा उलटा केला आणि त्यावर नीट बसून घेतलं.

"साटंलोटं हाये हे. दुसरं काय? तुमची पोरगी आमाले द्या, आमची तुमी न्या. लग्नात बी आता कोनी करत नाई तसं, तुमी टीममंधी करून राह्यले... हसू नोको. पाहाले बी तसेच गेले होते. तुहे बाबा, ते सेक्रेटरी उकंडराव, फेटे बांधून. मले मालूम हाये सारं. पोहे खाल्ले. पोरीले चालून दाखव म्हनलं. दाराच्या चौकटीले उभी करून उंची पाह्यली. नाव इचारलं, शिक्षन इचारलं, सैपाक येते का हे बी उकंडरावनं इचारलं. बॉल टाकून दाखव, असं कोनी म्हनलं? एकानं तरी?... घरात बॉल नव्हता? बास्केटबॉलची पोरगी पाहाले गेले, आन् बॉल नाई नेला. धन्य हाये."

योगिनी आता वडिलांच्या बाजूनं हट्टाला पेटली असावी, कारण सुचिताला बराच वेळ फक्त 'हं' म्हणायला मिळालं. घर किती चांगलं, माणसं किती रीतीची, पोरगी किती नम्र, असं सगळं वर्णन चाललं होतं. सुचिता ते अर्ध्या कानानं ऐकत होती. मग तिचा हात पिठाच्या सुपलीवर थांबला.

"थांब थांब. काय म्हनली तू? मांडव?... अंगनात मांडव होता? कायचा?... सावलीले? बरं. आन्?... नवं कोरं लुगडं नेसली होती. हातावर मेंदी. कोपरापावतर?... बोटात अंगठी. हं. आन् खायाले काय देल्लं म्हनली?... पोहे त मले मालूम हाये. पोह्याच्या आंधी काय देल्लं?... पेढे."

ती डब्यावरच्या बायांकडे वळली. बायांच्या तोंडावर जे उमटलं होतं तेच तिच्याही तोंडावर होतं. अंगणात मांडव, पोरीच्या हाताला मेंदी, बोटात अंगठी, आल्यागेल्याला पेढे. हे काय आहे ते डोणगावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागलं नसतं. पण पाहायला बाया कुठं नेल्या होत्या?

"योगिनी, पेढे कशाचे होते?... आपली मान्सं आली म्हनून आनंदाचे? असं वाटलं तुह्या बाबाईले?... अवं माय. अवं, त्या पोरीचं साक्षगंध झालं हाये. आदल्या दिवशी झालं असंन. मांडव अजून काढला नव्हता, आन् आपले दोघं तथी बसून तिच्या लग्नाचे पेढे खाऊन आले... मी काऊन थट्टा करू? फोन लाव. तुह्या बाबाईले लाव आत्ताच, आन् इचार त्याईनं इचारलं का, पोरगी रिकामी हाये का म्हनून. पोरगी पाहाले गेलं का मान्सं पयले हेच इचारतात. सारं पाह्यलं, आन् हेच नाई इचारलं... हो, धरून हाये मी. लाव."

फोनमध्ये नुसती खरखर राहिली. कोणीतरी विचारलं, "आता?" सुचिता पायलच्या बॅगेकडे पाहत होती. बॅगेच्या बंदाला तानुबाईनं लाल दोरा बांधला होता, प्रवासाला जाताना बांधतात तसा. सुचितानं पदरानं त्यावरचं पीठ पुसलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"हॅलो?... हां, बोल... खरं होये ना? तुळशीच्या लग्नानंतर?... सुरतले जानार. म्हंजे आपला सीझन सुरू व्हाच्या आंधी ते सासरी. वडनेरवाल्याईले हे मालूम होतं, म्हनून देऊन राह्यले. पयलेच गेलेली देल्ली, आन् आपली चालती-बोलती नेली... नाई, मले त्याईचा राग नाई. त्याईनं लपवलं कोठी? मांडव होता, मेंदी होती, पेढे हातावर ठेवले. अजून काय करतीन ते?... काय? बाबा लाईनवर हायेत?"

सुचितानं डोक्यावरचा पदर सारखा केला. समोर माणूस नव्हता, पण रामकाकांशी ती जन्मात उघड्या डोक्यानं बोलली नव्हती.

"काका, नमस्कार करते... हो, सुचिता... नाई काका, तुमची चूक काढाले नाई बोलून राह्यली. झालं ते झालं. पायल राहू द्या, एवढंच... हो, ठरलं म्हनून नारळ देल्ला तुमी. मालूम हाये... हो, गावाचा शब्द. पन काका, शब्द तुमी देल्ला आन् पोरगी तानुबाईची. साट्यात द्यायचीच होती त योगिनी बी खेळत होती की चांगली, तिले काऊन नाई देल्लं कवा वडनेरले?... मी उद्धट नाई बोलत, काका. इचारून राह्यली... त्याईनं फसवलं नाई, म्हनून आपन फिरायचं नाई? म्हंजे तिकडची बी गेली आन् इकडची बी. तुमचा शब्द राह्यला, टीम नाई राह्यली... मंग माझं नाव सांगा. सांगा का काका, डोणगावची एक चक्कीवाली बाई हाये, ते ऐकत नाई. माझ्यावर मोडा शब्द. माझं नाव तसं बी खराब झालं हाये तानुबाईच्या घरी... हॅलो?... काका?... हॅलो?"

रामरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवून दिला. मोठी माणसं अडचणीत आली की बोलणं संपवतात, हे सुचिताला नवीन नव्हतं. पण आज ते तिला सहन झालं नाही. योगिनी अजून लाईनवर होती आणि बहुतेक रडकुंडीला आली होती.

"रडू नोको व. तुह्यावर नाई चिडली मी... हाव, चिडली होती. आता नाई... ते ठेवू दे फोन. ऐक, काय करते ते सांगते."

तिनं फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला. वीज यायची वाट न पाहता बायांना त्यांचे डबे हातात दिले. कोणी कुरकुर केली नाही. पायलची बॅग उचलून तिनं आत नेली, जात्याच्या मागं, पिठाच्या पोत्यांच्या आड ठेवली, वर रिकामं बारदान टाकलं. मग बाहेर येऊन दोन्ही हातांनी शटर ओढलं. ते नेहमीसारखं मध्येच अडलं, तिनं लाथ घातली, तसं खाली आलं. कुलूप लावून चावी कमरेला खोचली.

"ऐकला आवाज?... शटर होतं. बाबाईले सांग, जीप येऊ द्या, चहा पाजा त्याईले, पेढे बी द्या. पन पायलची बॅग चक्कीत हाये, आन् चक्की आज बंद हाये... उद्या? उद्याचं उद्या पाहू... मी? मी तानुबाईच्या ओट्यावर जाऊन बसते. कोनाले पायल न्यायची असंन त तथी या म्हना, तिच्या मायले मांगा... हो. ठेव आता."