एकाआड एक सूर

(दादाची कामाची खोली. कॉम्प्युटरवर दोघा भावंडांनी बनवलेलं नवं वाद्य उघडं आहे. पडद्यावर धाकटीनं स्वतःची ओढणी टाकली आहे.)

धाकटी : नाही, ओढणी राहू दे. दाब ती पट्टी.

दादा : दाबली.

धाकटी : हा तू. परत तीच दाब.

दादा : ही तू.

धाकटी : हाही तूच.

दादा : छोटे, दिवसभर वाजवून तुझे कान शिणलेत.

धाकटी : कान शिणले तर कमी ऐकू येतं रे, एकाच्या जागी दुसरा माणूस ऐकू येत नाही. कुठलीही पट्टी घ्या, पहिल्यांदा तुझी वेव्ह, तू आखलेली सुराची लाट वाजणार, दुसऱ्यांदा माझी. एवढ्यासाठीच तर हा खटाटोप केला ना आपण? मग माझी कुठाय?

दादा : ओढणी काढ, दिसेल. वाकडीतिकडी, दातेरी, तू काढलीस तश्शी.

धाकटी : दिसते रे, वाजत नाही. माणसाला घराबाहेर काढायचं आणि भिंतीवर त्याचा फोटो ठेवायचा, त्यातली गत. आज घरी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा बिघडला, नुसत्या कानांनी वाजवावं लागलं, म्हणून कळलं. नाहीतर चित्र बघून मीही खूशच होते.

दादा : अगं, तू ती माउसनं हातानं ओढलेली. सुरुवात एकीकडे, शेवट भलतीकडे, टोकं जुळतच नाहीत. खालच्या सुरांत तर गंजलं फाटक उघडल्यासारखं करकरायचं.

धाकटी : त्या करकरीवर भाळलं कोण? ‘माझा सूर फार शहाणा वाटतो, शेजारी तुझ्यासारखं भांडकुदळ कुणीतरी हवं,’ हे कुणाचे शब्द?

दादा : माझेच. पण ज्याला ऐकवावं तो तोंड वाकडं करायचा. मग माझीच वेव्ह सुरात जराशी खाली उतरवली आणि दुसऱ्या जागी बसवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटी : कुणाच्या म्हणजे माझ्या.

वहिनी : (स्वयंपाकघरातून येत) मी सांगत होते यांना, तिच्या कानावर घाला म्हणून.

धाकटी : वहिनी, तुम्हालाही माहीत होतं?

वहिनी : भिंत केवढीशी गं आमची, सगळं ऐकू येतं! अलीकडे मी भाजी चिरायची, पलीकडे तुझी करकर. एके दिवशी थांबली. विचारलं, तर म्हणे, सांगू सावकाश.

धाकटी : सावकाश! परवा भरल्या सभागृहात मी वाजवत होते. ‘हा माझा दादा, ही मी,’ असं एकेका सुराला सांगत होते. आणि तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होतात.

दादा : तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो गं.

धाकटी : वाईट वाटून घ्यायचं काम माझं होतं. तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचंस.

वहिनी : आता उगाळत बसू नका. सकाळी वाद्य लोकांच्या हातात जाणार, दोघांच्या नावानं. काय ते ठरवा.

दादा : ठरवायचं काय त्यात? तिची वेव्ह परत घालतो, चुटकीसरशी होईल.

धाकटी : तुला आवडते ती?

दादा : तू म्हणतेस तर घालतो ना.

धाकटी : मी ते नाही विचारलं.

दादा : ...खरं सांगू?

धाकटी : नको. उत्तर मिळालं. माझं नाव काढ आणि जाऊ दे तसंच. तुझं तुला लखलाभ.

वहिनी : अगं, असं काय करतेस! बस, चहा टाकते.

धाकटी : नको वहिनी, निघते.

दादा : छोटे, रागावलीस?

धाकटी : नाही रे. इतकी वर्षं काहीही केलं की तुला दाखवायचे. तू ‘झकास’ म्हणालास की झोप लागायची. आता दुसरं कुणीतरी शोधावं लागेल, एवढंच.