पाणीच तर गाळायचं होतं!

...नाही, हसू नका, आधी ऐकून तर घ्या! पाणी गाळायचं होतं हो, फक्त पाणी! माणसं रोज चहा गाळतात, त्यासाठी कुणी बैठक बोलावतं का? आमच्याकडे बोलावली! तीही कुठे, तर दातांच्या दवाखान्यात, खुर्चीवर पेशंट आ करून पडलाय, गालात कापूस कोंबलाय, आणि त्याच्या डोक्यावर आम्ही चौघं भांडतोय की फिल्टर टांगायचा का बुडवायचा! तो बिचारा मधेमधे "आं... आं..." करतोय, तर आमचे आतोबा म्हणतात, "बघा, यांनासुद्धा महाग वाटतंय!"

तुम्हाला सांगतो, दवाखाना माझ्या आत्याचा. आत्या दातांची डॉक्टर, हात एकदम हलका, तोंड तितकंच जड. आतोबा म्हणजे तिचे यजमान, दवाखान्याची तिजोरी त्यांच्याकडे, आणि माणूसही तिजोरीसारखाच, उघडायला तीन किल्ल्या लागतात. मग सिस्टर. सिस्टर म्हणजे स्वच्छता! जंतू तिच्या सावलीला उभे राहत नाहीत. पेनसुद्धा हातात घेण्याआधी पुसते, आणि ठेवल्यावर परत पुसते, मधल्या काळात त्याने काही केलं असेल तर? आणि काउंटरवर मी. "शिकून रिकामाच बसलायस ना, मग इथे येऊन बस," अशी माझी नेमणूक झाली. बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, तेव्हा तक्रार नव्हती.

तक्रार एकच, पेशंट पळायचे! आतून मशीनचा तो आवाज आला ना, घूंऽऽईंऽऽ, की बाहेरचा एकेक उठलाच. एकाला फोन येतो, दुसऱ्याची गाडी चुकीच्या जागी लागलेली असते, एक काकू "गॅस बंद करून आलेच" म्हणून गेल्या, त्या अजून बंद करतायत! मग आत्याला कुणीतरी सांगितलं, मासा ठेवा, मासा बघितला की माणूस शांत होतो. झालं! काचेची टाकी आली, त्यात एक जाडजूड केशरी मासा आला. तोंड सतत उघडं, बोलणं काही नाही आणि खाणं अखंड, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं अध्यक्ष.

आणि खरंच हो, जादू झाली! लोक अध्यक्षांकडे बघत बसायचे, अध्यक्ष लोकांकडे बघत बसायचे, आणि कोण कुणाला शांत करतंय ते कळायचं नाही. पण हे सुख किती दिवस? पाणी गढूळ व्हायला लागलं. आधी धुकं पडल्यासारखं, मग भांडी विसळल्यासारखं, आणि अध्यक्ष वरती येऊन हवा गिळायला लागले. एक गृहस्थ वाकून बघतात, माझ्याकडे बघतात, परत वाकून बघतात, आणि म्हणतात, "ज्यांच्याकडे मासा टिकत नाही, त्यांच्याकडे माझी दाढ काय टिकणार?" आणि चालते झाले!

आत्या आतून हातमोज्यांसकट बाहेर आली. "अरे गाढवा! तो मासा गेला ना, तर माझ्या दवाखान्याचं नाव जाईल. आणि नाव जायच्या आधी तू जाशील. फिल्टर आण!" आतोबा मागून म्हणाले, "आण, पण बजेटमध्ये आण. नाहीतर असं कर, मीच येतो."

बोंबला! पाणी गाळायचं होतं हो, आणि बरोबर कोण, तर आतोबा!

तुम्हाला सांगतो, ते माशांचं दुकान म्हणजे निम्मा अंधार, भिंतभर टाक्या, आणि दुकानदार कसा बोलतो, तर अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहिल्यासारखा. एकदम हळू. "मासा... कुठला? गोल्डफिश? हं... खातो भरपूर... घाण करतो भरपूर... तासाला सगळं पाणी चार वेळा तरी फिरायला हवं..." मी घाबरलोच, म्हटलं वाचेल ना हो? तर एक मोठा डबा पुढे केला. "हा टाकीच्या खाली बसतो. आवाज नाही. तळं साफ करील." आतोबांनी किमतीची चिठ्ठी बघितली, उलटून मागच्या बाजूला काही कमी झालंय का ते बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "आमच्याकडे तळं कुठाय?"

मग आला काठावर टांगायचा. पाणी ओढतो, गाळतो आणि धबधब्यासारखं परत सोडतो. मला इतका आवडला! पण त्यासाठी टाकीचं झाकण मागून कापावं लागतं. "झाकण कापायचं?" आतोबांच्या डोळ्यांत पाणीच. "नवं झाकण? काय बोलताय तुम्ही!" मग पाण्यात बुडवायचा मोटारवाला. तो चांगला होता, बजेटात बसत होता, पण आतोबांची नजर तोवर खालच्या फळीवर गेली होती. तिथे एक नळी होती आणि नळीला एक स्पंज. बस्स. संपला फिल्टर! आतोबांचा चेहरा असा उजळला, जसा काही लग्नात दुरून मुलगी बघितली आणि पत्रिकाही जुळली! "हा काय करतो?"

"नळीतून हवा सोडायची," दुकानदार कुजबुजला, "बुडबुडे वर जातात, पाणी स्पंजातून ओढलं जातं, कचरा अडकतो. आणि मुख्य म्हणजे स्पंजात चांगले जिवाणू वस्तीला येतात. माशाची घाण ते पचवतात. खरा फिल्टर ते, स्पंज नुसतं त्यांचं घर. मोठ्या आकाराचा घ्या, तुमच्या टाकीला पुरेल. फक्त हवेचा पंप वेगळा."

"हवा विकत?" आतोबा गरजले. पहिल्यांदाच त्या दुकानात कुणी मोठ्याने बोललं, दोन मासे दचकले. "हवा आमच्याकडे ढीगभर आहे!"

मी म्हटलं, कुठे आहे? तर होती हो! दात कोरायचं मशीन कशावर चालतं? हवेवर! मागच्या खोलीत केवढा मोठा कॉम्प्रेसर! आतोबांनी त्याला नळी जोडली, ती भिंतीकडेने बाहेर आणली, स्पंजाला लावली आणि खटका दाबला... अहो, टाकीत वादळ! अध्यक्ष या काचेवरून त्या काचेवर, मधे कुठेही न थांबता! मग चावी पिळून पिळून हवा कमी केली, बारीक बुडबुडे यायला लागले, अध्यक्ष सावरले, आतोबा छाती फुगवून उभे. "फुकट!" एवढंच बोलले.

पण गंमत काय झाली, आत्याने आत मशीन सुरू केलं की हवा सगळी तिकडे, आणि बाहेर बुडबुडे बंद! लोकांना दोन दिवसांत कळलं ना ते! अख्खी रांग टाकीकडे टक लावून बसलेली, बुडबुडे थांबले रे थांबले की, "लागलं! लागलं बघा कुणाला तरी!" आणि पळापळ! आधी ज्यांना ऐकू यायचं तेवढेच पळायचे, आता बहिरेही पळायला लागले!

आत्या त्या दिवशी आतोबांना काय बोलली ते मी सांगणार नाही, दवाखान्यात लहान मुलं येतात. पण संध्याकाळी आतोबा दुकानातून छोटा पंप घेऊन आले, आणि तो असा हातात धरला होता, जशी स्वतःचीच उपटलेली दाढ.

मग मात्र सुख! काही आठवड्यांत पाणी इतकं नितळ, की अध्यक्ष हवेत तरंगतायत असं वाटायचं. मला वाटलं संपली कटकट. पाणी गाळायचं होतं, गाळलं!

कसलं संपतंय! एका सकाळी येऊन बघतो, तर स्पंज पांढराशुभ्र! नव्यासारखा! आणि शेजारी सिस्टर, चेहऱ्यावर ते समाधान. "बघा ना, किती मळला होता, हिरवा-तपकिरी, शी! मी वाफेच्या मशीनमध्ये घातला. चिमट्यांबरोबर. आता एक जंतू सापडला तर नोकरी सोडीन!"

अहो, जंतू नाही सापडला तेच तर दुखणं! ते जिवाणू, आठवड्याआठवड्याने जमलेले, आमच्या अध्यक्षांची घाण उपसणारे, सगळे वाफेत गेले! अख्खी वस्ती! म्हटलं, "सिस्टर, ते चांगले होते हो." तर म्हणते, "चांगले होते तर हात धुऊन का नव्हते बसले?"

दोन दिवसांत पाणी परत धुकाटलं, अध्यक्ष परत वरती, तोंड उघडं, पण आता ते अध्यक्षीय वाटेना हो, आता खरंच वाईट वाटायला लागलं. आत्या टाकीपाशी उभी राहिली, काही बोलली नाही. आत्या बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर! मी बादलीने थोडं पाणी बदललं आणि धावत दुकानात. दुकानदाराने ऐकून घेतलं, टोपी असती तर काढली असती, आणि स्वतःच्या जुन्या टाकीतला एक मळकट, बुळबुळीत, हिरवा स्पंज कापून तुकडा दिला. "वस्तीसकट आहे. ओला ठेवा. धुऊ नका. तुमच्या स्पंजाला चिकटवून ठेवा."

म्हणजे बघा हं, जगात माणसं दवाखान्यातून घाण बाहेर काढतात, आणि मी घाण आत नेतोय, चोरून! कारण दारात कोण? सिस्टर, पोछा घेऊन! टाकीपाशीच! आणि पिशवी लागली गळायला. मी काउंटरखाली वाकलो, समोर दिसला कवळीचा रिकामा डबा, कवळीही पाण्यातच ठेवतात ना, तुकडा त्यात घातला, पाणी घातलं, झाकण लावलं, फळीवर ठेवला, आणि सिस्टरने आत जायची वाट बघत राहिलो. तेवढ्यात आत्याची हाक, "अरे ए, जरा दिवा धर!" गेलो. दिवा धरला. परत आलो. डबा गायब!

"आतोबा, इथला डबा?"

"ते कवळीवाले आजोबा आले होते. रोज विचारतात ना, झाली का, झाली का. दिला!"

"अहो, त्यांचा डबा हा! हा बघा! ह्यात कवळी!"

"मग त्यात काय होतं?"

काय सांगू? त्यात अध्यक्षांचा जीव होता!

पळालो! हातात कवळीचा डबा, रस्त्याने खडखड वाजतोय, लोक वळून बघतायत. आजोबा सायकलच्या दुकानावर राहतात, जिना एका दमात चढलो, सुनेने दार उघडलं. "आजोबा?" "आत बसलेत. कवळी लावून." ती मान खाली घालून हसत होती का रडत होती, मला आजही माहीत नाही.

आजोबा खुर्चीत ताठ. तोंड मिटलेलं. ओठांच्या कडेतून... हिरवं. म्हटलं, "आजोबा, कशी आहे?"

आजोबांनी विचार केला, दोनदा चावून बघितलं, आणि म्हणाले, "शेवाळ्याची चव आहे जरा. पण मागच्यापेक्षा मऊ आहे."

मऊ आहे म्हणे! "आजोबा, काढा हो ते, ती कवळी नाही!"

"माझी आहे! पावती आहे माझ्याकडे!"

"अहो, त्याच्यावर एक मासा जगतोय!"

"आणि मी? मी काय वाऱ्यावर जगू?"

डब्यातून खरी कवळी काढून हातात दिली. आजोबांनी स्पंज काढून मुठीत धरला, आणि नाखुशीनेच कवळी लावली. सुनेने बिस्किट पुढे केलं. आजोबांनी चावलं... कट्ट! अहो, काय तो आवाज! आजोबा थांबले. परत चावलं. कट्ट! डोळे मोठे झाले, चेहरा असा खुलला, म्हणाले, "सूनबाई, अख्खा पुडा आण!" आणि स्पंज माझ्या हातावर ठेवला, खालमानेने, जसं काही दुसऱ्याचं ताट ओढलं होतं. मी म्हटलं, "आधी चूळ भरा." तर पुड्यातूनच म्हणाले, "कट्ट!"

परत आलो तर आत्या दारातच. सगळं सांगितलं. लपवणार कसं, डब्यातून पाणी ठिबकत होतं! आत्या इतकी हसली की खुर्चीवरचा पेशंटही आ करून हसला. मग तिने सिस्टरला बोलावलं. "सिस्टर, माझ्या दवाखान्यात एवढी एक घाण राहणार. हिला हात लावायचा नाही." सिस्टरने तुकड्याकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, गिळत होते बिचारे, आणि तिचेही डोळे भरले हो! "राहू दे, मॅडम," म्हणाली. "पण ती आजोबांच्या तोंडातून आलीय, हे मला सांगायला नको होतं."

आठवडाभर आम्ही चौघंही पाणी बदलतोय, टाकीला नाक लावून बसतोय. सिस्टर तर टाकीपुढे हळू बोलायला लागली. आणि एक दिवस अध्यक्ष वरून खाली गेले, तळाचा खडा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला, परत थुंकला! अहो, काय टाळ्या वाजल्या! रांगेतली माणसं उभी राहिली! आतोबांनी स्वतःहून, कुणी न सांगता, सगळ्यांना चहा पाजला!

आता पाणी स्वच्छ, बुडबुडे अखंड, अध्यक्ष मजेत. आतून कितीही घूंऽऽईं होऊ द्या, बाहेर एक माणूस पळत नाही. खुर्च्या भरलेल्या, माणसं मांडी ठोकून बसलेली, सगळं आत्याला हवं होतं तस्संच! फक्त एकच अडचण झालीय. मी नाव पुकारतो, "चला, तुमचा नंबर आला." तर मान न वळवता सांगतात, "पुढच्याला घ्या हो, आम्ही मासा बघतोय." पुढच्याला सांगतो, तर तो म्हणतो, "आम्हीही." आत आत्या रिकाम्या खुर्चीवर दिवा रोखून उभी... आणि आज सकाळी काय सांगितलंय मला, माहितीये? म्हणे, "अरे, पाणी जरासं गढूळ नाही का रे करता येणार?"