यादीतली खाडाखोड

…खाडाखोड चालणार नाही म्हणे! अहो, मी काय परीक्षेचा पेपर लिहून दिला होता का? चार बायकांची यादी ती, शेवटच्या मॅचला कोण कुणाबरोबर खेळणार एवढं एका कागदावर लिहून स्पर्धेच्या सेक्रेटरीसाहेबांकडे द्यायचं, बास. तर तो माणूस कागद असा दोन बोटांत धरतो, जसं काही मी त्यात मासे गुंडाळून आणलेत, आणि चष्मा वर ढकलून मला म्हणतो, "बाई, एकाच जागी दोनदा नाव खोडलंय. हे काय आहे?" मी म्हटलं, "साहेब, पहिलं खोडलं ती माझी चूक, दुसरं खोडलं ती दुरुस्ती. तुम्ही शिक्का मारा." तर म्हणतो, "नियमात बसत नाही." नियमात! मला नियम सांगतो! एका नियमानंच तर माझ्या घरात भांडण लावलं… थांबा, तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखे चष्मे ढकलत बसाल.

मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. दिवसाला हजार-बाराशे चादरी. आणि मी टेनिसच्या टीमची कॅप्टन आहे. हसा, हसून घ्या, सगळे आधी हसतात. लॉन्ड्रीच्या मागे डॉक्टरांसाठी बांधलेलं कोर्ट होतं, डॉक्टरांना खेळायला सवड नाही, मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही घुसलो. एक म्हातारे डॉक्टर शिकवून गेले, जाताना रॅकेटी ठेवून गेले. तेव्हापासून नोकरदार बायकांच्या स्पर्धेत आम्ही आहोत. बँकेची टीम आहे, पोस्टाची आहे, विमावाल्यांची आहे, आणि आम्ही. नऊ वर्षं खेळलो, नऊ वर्षं शेवटून पहिल्या! पण कॅप्टन मीच. का? तर मला सगळं दिसतं. कोण दमलंय, कोण दमल्याचं सोंग करतंय, कोण घरी भांडून आलंय, कोण इथं भांडायला आलंय. कॅप्टनचं काम काय असतं हो? चेंडू सगळेच मारतात. कॅप्टननं बघायचं असतं.

आणि खेळाडू तरी कसले दिलेत देवानं! एक सॉरीबाई, शिवणखात्यातली. चेंडू चुकला की सॉरी, चांगला बसला तरी समोरचीला सॉरी, एकदा जाळीला धडकली तर जाळीला सॉरी! तिची जोडीदार बॉयलरवाली, ती आठवड्याला चार शब्द बोलते, त्यातले तीन "बस कर गं." तिसरी, इस्त्रीवर असते ती पोरगी, बावीस वर्षांची, हात असा की चेंडू पलीकडे भाजून निघावा; पण ती राखीव. कारण उरलेली जोडी आमची. मी आणि माझी नणंद.

नणंद माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लग्न मोडून भावाकडे आली, म्हणजे माझ्याकडेच आली, भाऊ काय, सकाळी जातो नि रात्री जेवायला उगवतो. मीच तिला लॉन्ड्रीत लावली. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतोय… दोन टोकं तिची, दोन माझी, झटका, ताण, पुढं ये, टोकं दे, मागं जा. तोंडानं एक शब्द लागत नाही. तुम्हाला सांगते, जोडीनं टेनिस खेळणं म्हणजे दुसरं काही नसतं, मध्ये चादर नसते एवढंच!

पण गेलं वर्षभर तिचं काय झालं होतं कुणास ठाऊक. दाराच्या चौकटीला खांदा आपट, ट्रॉलीला गुडघा आपट, टेबलाच्या कडेचा पेला पाड. चादरीवरचे डाग बघायचं काम तिचं, मधला सुईएवढा डाग टिपेल आणि काठाचा बशीएवढा सोडेल. मुकादम माझ्यावर ओरडायचा, मी तिच्यावर. "वेंधळी!" म्हणायचे. मग तेच नाव पडलं. सगळी लॉन्ड्री तिला वेंधळी म्हणायला लागली, आणि ती हसायची हो. मला सगळं दिसतं, तुम्हाला सांगते, तिच्या खांद्यावरचे काळेनिळे डागसुद्धा दिसत होते. मीच तर मलम लावायचे, आणि लावता लावता बडबडायचे, "लक्ष कुठं असतं गं तुझं?"

आता नियम ऐका. आमच्या स्पर्धेत पंच नसतो, परवडत नाही. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच ओरडून सांगायचं, त्याला हाक म्हणतात. आणि शंका असली तर समोरचीच्या बाजूनं द्यायचं. कुंपणावर पाटीच आहे, दिसला नाही तर आत. जोडीतल्या दोघींचं जुळलं नाही, तरी आतच धरायचा. चांगला नियम आहे, माणसाच्या शरमेवर चालतो. आमची वेंधळी त्यात अव्वल! कुठलाही चेंडू असो, "आत!" काठावरचा, "आत!" वीतभर बाहेरचा, "आत!" मी म्हणायचे, "अगं, हरिश्चंद्राच्या घरची ना तू? आमच्या घरात कशी जन्मलीस?" हसायची.

यंदा काय झालं, आम्ही जिंकायला लागलो. कसं ते मला विचारू नका, बॉयलरवालीलासुद्धा विचारलं तर ती म्हणाली, "बस कर गं." पोस्टवाल्यांना हरवलं असतं तर त्याच दिवशी स्पर्धेची ढाल आमची होती. शेवटचा पॉइंट आमच्या हातात. समोरचीनं मारला, चेंडू आमच्या डाव्या रेघेच्या बाहेर पडला… बाहेर म्हणजे किती, तिथं बादली ठेवली असती तरी मध्ये जागा उरली असती. मी रॅकेट वर केली, नाचायलाच लागले होते, आणि नणंद म्हणते, "आत!"

आत!

पोस्टवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनाही लाज वाटली. पण हाक ती हाक. तिथून आम्ही जे घसरलो ते हरूनच थांबलो. आणि मग मी… तुम्हाला सांगते, माझं तोंड. चार टीमच्या बायका उभ्या होत्या, पोरं-नवरे उभे होते. मी म्हटलं, "तुला मोठेपणा हवा होता ना? घे! आमची ढाल वाटून तू मोठी हो! नवऱ्याचा संसार सोडलास तो सोडलास, आता आमचंही वाटोळं कर!" …बोलले. बोलून गेले. ती मान वळवून मला शोधल्यासारखं बघत राहिली फक्त. मला वाटलं, तोरा दाखवतेय. मला सगळं दिसतं ना!

दुसऱ्या दिवशी शेवटच्या मॅचची यादी लिहिली, बँकेबरोबरची. दोन्ही जोड्या जिंकल्या तर अजूनही ढाल आमची होती. तिचं नाव लिहिलं होतं सवयीनं. खोडलं. इस्त्रीवालीचं लिहिलं. ती पोरगी इतकी हरखली, संध्याकाळी नवे बूट घेऊन आली.

घरात आठ दिवस अबोला. कामावर मात्र घड्या घालायच्याच, चादर कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. टोकं दे, मागं जा. आणि एके दिवशी, ती अशी समोर बघत उभी, मी बाजूनं आले नि रागारागात ओला अभ्रा तिच्या अंगावर फेकला, "धर!" म्हणून. अभ्रा येऊन सपकन तिच्या गालावर बसला. आणि तिची पापणी हलली नाही. बसायच्या आधी हलली नाही, कळतंय का तुम्हाला? काही अंगावर आलं की माणूस डोळे मिटतो. ही तशीच उभी, बसल्यावर दचकली.

मी तिच्या कानाजवळ हात नेला, बोटं नाचवली. काही नाही. थोडा पुढं आणला. काही नाही. अजून पुढं, अजून… पार नाकाच्या रेषेत आला तेव्हा म्हणते, "हात कसला नाचवतेस, वहिनी?"

मी म्हटलं, "किती दिवस?"

"वर्ष झालं असेल. समोरचं स्वच्छ दिसतं गं. दोन्ही बाजूंनी पडदे ओढल्यासारखं झालंय."

"आणि तो पोस्टवालीचा चेंडू?"

"बघितलाच नाही मी. आवाज आला नुसता. दिसला नाही तर आत, नियमच आहे ना."

मी खालीच बसले, चादरींच्या ढिगावर. म्हटलं, "मेले, सांगायचं नाहीस?" तर म्हणते, "तू कॅप्टन. सांगितलं असतं तर काढलं असतंस." वर म्हणाली, "न सांगताही काढलंसच."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. काचबिंदू. त्या म्हणाल्या, "कडेची नजर आधी जाते, म्हणून माणसाला लवकर कळत नाही. गेली ती परत यायची नाही, राहिलीय ती थेंब टाकून राखायची." वर मला विचारतात, "तुम्ही एकाच घरात राहता ना? धडपडायच्या का या?" काय सांगू? सांगू, की धडपडायची, आणि मी तिला त्यावरून नाव ठेवलं होतं? मी म्हटलं, "हो, जराशा." मला सगळं दिसतं म्हणे!

घरी आल्यावर तिनं विचारलं, अगदी हळू, "वहिनी, अजून खेळण्याइतकं दिसतंय गं. पुढच्या वर्षी दिसेल का, माहीत नाही." एवढंच. यादी बदल असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले तरी असते!

तर ही दुसरी खाडाखोड. इस्त्रीवालीला सांगायला गेले, ती नव्या बुटांना नाडी ओवत होती. ऐकलं आणि म्हणाली, "काकू, मी काय चादर आहे का? वाटलं की उलगडली, वाटलं की घडी घातली?" बरोबर बोलली. मी खाली बसून तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी ओवून दिली. आणि त्या सेक्रेटरीला हे सगळं सांगायचं होतं का मी? त्याच्या टेबलासमोर उभी राहिले, शिक्का मारेपर्यंत हलले नाही. शेवटी त्याला जेवायला जायचं होतं, मारला.

नणंदेनं मात्र अट घातली. मी म्हटलं होतं, "तुझ्या बाजूची हाक मीच देते, तू समोरचं बघ." तर फणकारली, "माझ्या बाजूची हाक मीच देणार, नाहीतर खेळत नाही." बरं बाई!

आणि काय खेळली हो! समोर आलेला एक चेंडू सोडला नाही. कडेचे मी पळून पळून काढत होते, एक्कावन्नाव्या वर्षी, दोन वेळा तिच्यावरच आदळले. पलीकडच्या कोर्टावर सॉरीबाईची जोडी सॉरी म्हणत म्हणत जिंकलीसुद्धा. आता सगळं आमच्यावर. पहिला सेट गेला, दुसऱ्यात कशाबशा लोंबकळत होतो. बँकेला मॅचसाठी एक पॉइंट हवा होता. त्यांनी मारला आणि पुन्हा तिच्याच डाव्या रेघेच्या बाहेर. हातभर. इस्त्रीवाली कुंपणाबाहेरून ओरडली, "बाहेर!"

आणि ही म्हणाली, "आत."

बँकेची कॅप्टन बाई भली, जाळीजवळ येऊन मलाच विचारते, "कॅप्टन, आम्हाला बाहेर वाटला. हा पॉइंट पुन्हा खेळू या का?" ढाल तिथं टेबलावर ठेवलेली. नऊ वर्षं! आणि नणंद मान वळवत होती, माझा चेहरा कुठं आहे ते शोधत… सापडला तेव्हा थांबली. 'हो' म्हटलं असतं ना, तर सगळ्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं असतं. आणि या खेपेला सगळ्यांना कळलं असतं.

मी म्हटलं, "आत होता. मी बघितला."

हरलो. ढाल बँकेत गेली, तिथं तशीही चार आहेत. घरी येताना ती माझ्या कोपराला धरून चालत होती. म्हणाली, "वहिनी, खरंच आत होता?" मी म्हटलं, "रेघेवर. स्वच्छ दिसला." पुढचं वळण आलं. मग म्हणते, "त्या बँकवालीनं हात मिळवताना मला सांगितलं. हातभर बाहेर होता."

म्हटलं, आता रडणार ही, की मला शिव्या घालणार. तर रस्त्यात उभी राहिली, माझे दोन्ही खांदे धरून मला समोर आणलं आणि पांढरीफटक पडून म्हणते, "वहिनी, हातभर बाहेरचा तुला रेघेवर दिसला? अगं, माझंही असंच सुरू झालं होतं!"

आता काय सांगणार तिला, तुम्हीच बोला! मंगळवारी साडेअकराला डॉक्टरीणबाईंकडे माझी वेळ घेऊन ठेवलीय तिनं, स्वतः फोन करून. रजा टाकलीय. जाणार, खुर्चीत बसणार, भिंतीवरची अक्षरं दाखवली की ती शेजारी उभी असणार, म्हणजे दोन-चार मुद्दाम चुकीचीच वाचायला लागणार… चौथी शिकलेल्या बाईला ते काही जड नाही म्हणा!